छोट्या इंजिनाचा धूर

वाफेच्या इंजिनाची हुबेहूब लहान प्रतिकृती बाळगणाऱ्या हौशी माणसाला पुष्कळ गोष्टी साधतात. चाकांचे आरे साधतात, बॉयलरवरचे पितळी पट्टे साधतात, शिट्टीदेखील साधते. त्याचे अडते ते धुरांड्यापाशी. रुळांतून वीज घेऊन धावणाऱ्या ह्या इंजिनाच्या पोटात ना कोळसा, ना पाणी; मग धूर आणायचा कोठून? पुण्यात कोथरूडला १९९८ साली सुरू झालेले जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय आपल्यापैकी काहींनी पाहिले असेल. तेथल्या गाड्यांचे प्रमाण १:८७. ह्या प्रमाणात टेंडरसह २४ मीटर लांबीचे इंजिन २८ सेंटीमीटरांतच मावते, आणि त्याचे धुरांडे करंगळीच्या टोकाएवढेही भरत नाही.

ह्यापेक्षा मोठ्या मापाच्या खेळण्यांत हा प्रयत्न आधी झाला. दुसरे महायुद्ध संपल्यावर, १९४६ साली, अमेरिकेतील लायोनेल कंपनीने एक नामी युक्ती योजली. इंजिनातल्या विजेच्या दिव्याच्या काचेला एक खळगा ठेवला आणि त्यात अमोनियम नायट्रेटची गोळी घालावयास सांगितले. दिवा तापला की गोळी धुमसू लागे. परंतु ही तऱ्हा टिकली नाही. दुसऱ्याच वर्षी दिव्याच्या जागी तापणाऱ्या तारेचे यंत्र आले. त्याच सुमारास गिल्बर्ट यांच्या ‘अमेरिकन फ्लायर’ गाड्यांत धुराचे यंत्र मागच्या टेंडरमध्ये बसवले होते आणि तेथून नळीने धूर पुढच्या धुरांड्यापर्यंत नेला होता. म्हणजे चूल एका घरात आणि धुराडे शेजाऱ्याच्या!

आज जे यंत्र सर्रास वापरतात, ज्याला हौशी मंडळी स्मोक युनिट म्हणतात, ते फार साधे आहे. जर्मनीतील सॉयथे यांच्या नळ्या त्यासाठी विशेष प्रसिद्ध आहेत. धातूच्या एका बारीक नळीत शुद्ध केलेल्या पॅराफिन तेलाचे काही थेंब असतात. आत एक केशनलिका आणि तिला तापवणारी बारीक तार. तार तापली की तेलाची वाफ होऊन ती केशनलिकेतून उसळी घेते. बाहेरच्या थंड हवेत येताच तिचे अतिसूक्ष्म थेंब बनतात. आपल्याला दिसतो तो हा थेंबांचा समुदाय. तेव्हा काटेकोर बोलायचे तर हा धूरही नव्हे आणि पाण्याची वाफही नव्हे. हे तेलाचे धुके आहे.

येथे हौशी माणसाचा मोह आडवा येतो. त्याला वाटते, जितका दाट लोट तितके इंजिन खरे. मला हे मुळीच पटत नाही. खऱ्या इंजिनावर काळाकुट्ट धूर ही फायरमनच्या दृष्टीने शोभेची गोष्ट नव्हती. काळा धूर म्हणजे न जळलेला कोळसा, म्हणजे वाया गेलेले इंधन. चांगला फायरमन थोडा थोडा कोळसा पसरून टाकी, आणि मग धुरांड्यावर फिकट करडी रेघ तेवढी दिसे. पांढरा लोट दिसे तो थंड हवेत गोठणाऱ्या वाफेचा. दख्खनच्या पठारावर वैशाखातल्या दुपारी तोही क्षणात विरून जाई. भारतातील रुंद मार्गावरची वाफेची इंजिने १९९५ साली थांबली. त्यानंतर जन्मलेल्या मुलांनी इंजिनाचा धूर पाहिला तो बहुधा चित्रपटांत, आणि चित्रपटवाल्यांना लोट हवेच असतात!

दुसरी अडचण तालाची. दोन सिलिंडरांच्या इंजिनात पिस्टनच्या दोन्ही बाजूंनी आळीपाळीने वाफ येते, म्हणून चाकाच्या एका फेऱ्यात चार हुंकार निघतात. आपल्याकडच्या डब्ल्यूपी इंजिनाचे मोठे चाक सुमारे १.७ मीटर व्यासाचे. ताशी ६० किलोमीटर वेगाला ते सेकंदाला तीन फेऱ्यांहून थोडे अधिक घेई. म्हणजे सेकंदाला बारा हुंकार. ते डोळ्याला वेगळे दिसत नाहीत. वेगळे दिसतात ते गाडी फलाटावरून हलताना. काही आधुनिक यंत्रांत चिमुकला पंखा बसवून चाकाच्या तालावर धूर सोडतात. त्याची खरी गंमत ह्या पहिल्या काही फेऱ्यांतच आहे. जुन्या पद्धतीत रुळांतली वीज कमी केली की गाडीबरोबर धूरही थांबे. डिजिटल नियंत्रणामुळे आता उभ्या इंजिनावरही मंद रेघ तरळत ठेवता येते, आणि मला तरी तेच अधिक खरे वाटते.

तेल घालताना हात आखडता घ्यावा. नळी काठोकाठ भरली तर धूर वाढत नाही, उलट बंदच पडतो. कारण केशनलिका तेलात बुडून जाते. अशा वेळी टीपकागदाच्या टोकाने जादा तेल शोषून घ्यावे. उलटपक्षी, तेल संपल्यावर यंत्र चालू ठेवले तर तार जळून जाते. उडालेले तेल रुळांवर बसते, त्याला धूळ चिकटते आणि चाके घसरू लागतात. ते सुती फडक्याने पुसावे.

राहता राहिली खोली, आणि तिच्यातली माणसे. हे धुके सुवासिक केले तरी ते तेलच आहे, आणि त्याचे कण श्वासाबरोबर खोल जाण्याइतके बारीक असतात. बंद खोलीत तासन्‌तास गाडी फिरवू नये. खिडकी उघडी असावी, घरात दम्याचा रोगी असेल तर यंत्राची कळ बंदच ठेवावी. तेलाची बाटली तर मुलांच्या हाती मुळीच लागू देऊ नये. असले पातळ तेल गिळताना फुप्फुसात उतरले तर थोडेसेही घातक ठरते. कोणी प्यायल्याचा संशय आला तर उलटी करवू नये, बाटलीसकट तडक डॉक्टरांकडे जावे.