सोयाबीन भाजा, पण करपवू नका



वरोरा, भद्रावती, चिमूर, राजुरा, कोरपना या पट्ट्यात सोयाबीन निघताना पाऊस आला, की दाणा डागी होतो. व्यापारी भाव पाडतो आणि घरात विचार सुरू होतो : विकण्यापेक्षा जनावरांनाच घालू. तिकडे गडचिरोलीत धानाची कनकी आणि कोंडा मुबलक. परसातल्या कोंबड्या नि डुकरं त्यावरच वाढतात. धानात लायसीन (प्रथिनांतला एक आवश्यक घटक) कमी असतं, सोयाबीनमध्ये भरपूर. म्हणजे जोडी उत्तम जमते. मात्र दाणा कच्चा घालू नका.

सोयाबीनमध्ये सुमारे 40 टक्के प्रथिनं असतात. त्यांच्यासोबतच ट्रिप्सिनला अडवणारा एक घटकही असतो. प्रथिनं पचवायचं काम ट्रिप्सिनचं. ते अडलं, की कोंबडीच्या पिलाचं स्वादुपिंड जास्त पाचकरस काढता काढता मोठं होतं, आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. डुकराचं पिल्लू, दुधावरचं वासरू यांचीही वाढ खुंटते. अमेरिकेत ऑसबोर्न आणि मेंडेल यांनी 1917 मध्येच दाखवून दिलं होतं, की कच्च्या सोयाबीनवर उंदीर नीट वाढत नाहीत, शिजवलेल्यावर वाढतात.

मोठ्या गाई-म्हशींच्या कोठीपोटात हा घटक बराचसा निकामी होतो. पण कच्च्या दाण्यात युरियाचा अमोनिया करणारं युरिएजही असतं. युरिया मिसळलेल्या खुराकाबरोबर असा दाणा गेला, तर पोटात अमोनिया झपाट्यानं तयार होतो आणि जनावराला विषबाधा होऊ शकते. हे दोन्ही एकत्र कधीच देऊ नका.

उष्णतेनं ट्रिप्सिनला अडवणारा घटक आणि युरिएज, दोन्ही निकामी होतात. दाणा रात्रभर भिजवून अर्धा तास उकळा, किंवा फुटाण्यांसारखा तापल्या वाळूत सतत हलवत भाजा. फिकट तांबूस रंग आणि खमंग वास आला, की उतरवा. काळा पडेपर्यंत ठेवला तर लायसीन साखरेशी बांधलं जातं आणि जनावराला ते मिळत नाही. फसगत होते ती इथेच. विकतच्या सोयाबीन ढेपेच्या पोत्यावर छापलेला प्रथिनांचा आकडा नायट्रोजन मोजून काढलेला असतो, त्यामुळे कच्चा, नीट भाजलेला आणि करपलेला, तिन्ही मालांचा आकडा जवळपास सारखाच येतो. नुसत्या त्या आकड्यावर ढेप विकत घेणं मला मुळीच पटत नाही. कारखान्याकडे युरिएजचा आकडा मागा. 0.05 ते 0.20 च्या दरम्यान असला, तर माल साधारण ठीक समजतात.

घरीही पारख करता येते. दाण्याचं पीठ, चिमूटभर युरिया आणि थोडं पाणी बाटलीत घालून झाकण लावा. अर्ध्या तासानं उघडल्यावर अमोनियाचा उग्र वास आला, किंवा बाटलीच्या तोंडाशी धरलेला हळदीचा ओला कागद लालसर झाला, तर दाणा कच्चा आहे. ते मिश्रण फेकून द्या. करपलेला दाणा मात्र या परीक्षेत सापडत नाही, तो रंगावरूनच ओळखावा लागतो.

आणि डागी मालाबद्दल एक कळकळीची विनंती. नुसता डाग पडलेला दाणा वाळवून, भाजून वापरा. पण बुरशी चढलेला दाणा कितीही भाजला, तरी बुरशीचं अफ्लाटॉक्सिन हे विष नाहीसं होत नाही. तो जनावरांपुढे टाकूच नका. शंका असेल, तर सिंदेवाहीच्या किंवा गडचिरोलीच्या कृषी विज्ञान केंद्रात नमुना घेऊन जा आणि विचारूनच खुराक ठरवा.