अपंगांस काम शिकवावें, तें कामावरच
(ज्युबिली समारंभांत झालेलें भाषण)



ज्युबिलीच्या मंगल दिवशीं पूर्वजांचे उपकार स्मरावे, ही रीत योग्यच आहे. परंतु या मंडपांत जे नेहमीं मागच्या बाकावर बसतात, त्यांच्याविषयीं दोन शब्द बोलण्याची अनुज्ञा आम्ही मागतों.

गेल्या नाताळांत आम्हीं एका बहिऱ्या तरुणाच्या घरीं धान्य व कापड नेलें. त्यानें तें नम्रपणें घेतलें आणि कागदावर लिहून विचारलें, "मला काम कोण शिकवील?" आमच्यांत दुकानदार होते, गॅरेजवाले होते, कारखान्यांत नोकरीस असलेले होते; तरी एकाच्याहि तोंडून उत्तर निघालें नाहीं. त्याला द्यावयाचें तें आम्हीं दिलें होतें, पण त्याला हवें होतें तें नव्हे.

अपंगाची अडचण अशी असते. नोकरी मागावयास गेला तर विचारतात, "अनुभव आहे काय?" अनुभव घ्यावयास गेला तर म्हणतात, "तुला हें झेपेल काय?" या दोन प्रश्नांच्या मध्यें त्याचें तारुण्य निघून जातें. २०११ च्या जनगणनेंत महाराष्ट्रांत सुमारें २९ लाख अपंग मोजले गेले. तेव्हां हा प्रश्न चार घरांपुरता नाहीं.

हें कार्य आपल्या प्रांतास नवें नाहीं. मुंबईंत बिशप लिओ म्यूरिन यांनीं मूकबधिरांच्या शिक्षणाचा पाया १८८० नंतरच्या दशकांत घातला. पहिल्या महायुद्धांत जायबंदी झालेल्या सैनिकांस धंदा शिकविण्यासाठीं १९१७ सालीं लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकारानें क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. ती आज खडकीस आहे. बाबा आमटे यांनीं १९४९ सालीं महारोगी सेवा समिती स्थापिली, आणि वरोड्याजवळील आनंदवनांत, ज्यांस समाजानें भिक्षेवर सोडलें होतें, त्यांच्याच हातांनीं शेती व हातमाग चालूं लागले. भिक्षेचा हात कामास लागला कीं तोच हात दुसऱ्यास आधार देतो, हें तेथें सिद्ध झालें.

परंतु प्रत्येकानें वरोड्यास किंवा खडकीस जावें काय? काम येथें, अकलुजांतच आहे. ऊंस, साखर कारखाना, जळालेल्या पंपाच्या मोटारी भरणारीं दुकानें, शिवणकाम, रोपवाटिका, मोबाईलदुरुस्ती यांचें हें गांव. बहिरा मनुष्य मोटारीस तार भरूं शकतो. पायानें अधू असलेला वजनकाट्यावर नोंदी लिहूं शकतो. सावकाश समजणारा तरुण रोपवाटिकेंत पिशव्या बिनचूक भरतो.

कायदाहि याच मार्गानें जातो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें सर्वसाधारण धंदेशिक्षणांत दिव्यांगांचा समावेश करावा असें सरकारास बजाविलें, आणि सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के जागा राखून ठेवल्या. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्याखालीं २०१९ सालीं नियम बदलले. त्याप्रमाणें ३० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेस उमेदवार घेणें बंधनकारक झालें, आणि किमान ४ कामगारांच्या दुकानासहि ते स्वेच्छेनें घेण्याची मुभा मिळाली. कायदा दार उघडतो; आंत बोलावणें आमचें काम आहे.

काम शिकविण्याची रीत साधी आहे. शिकाऊ मनुष्यास खोटें काम देऊं नये; गिऱ्हाइकाचेंच काम, सोपा भाग निवडून, द्यावें. एका जुन्या कारागिरास त्याचा उस्ताद नेमावा. घंटेऐवजीं दिवा लावावा, बाक योग्य उंचीचें करावें, हांक मारण्याऐवजीं खांद्यास हात लावावा. पहिल्या दिवसापासून विद्यावेतन द्यावें, कारण फुकट राबविणें म्हणजे शिकविणें नव्हे. मुदत आधींच ठरवावी, आणि ती संपल्यावर काम जमलें असेल तर नोकरी द्यावी. जमलें नसेल तर तसें मोकळेपणानें सांगून दुसरें काम पाहावें. दया म्हणून ठेवून घेतलेला मनुष्य कधींच कारागीर होत नाहीं.

आपल्या प्रभूनेंहि नाझरेथांत सुताराच्याच घरीं हात कामास लावले. त्या घरांत कामाची लाज नव्हती.

म्हणून आमची विनंति एवढीच. ज्यांचें दुकान आहे, गॅरेज आहे, शेती आहे, अशा प्रत्येकानें या ज्युबिलीच्या वर्षांत एका अपंग मुलास अगर मुलीस सहा महिने काम शिकवावें. ज्यांचें कांहींच नाहीं, त्यांनीं मालकाकडे त्याच्यासाठीं शब्द टाकावा, किंवा पहिला पंधरवडा त्याच्याबरोबर कामावर जावें.

येत्या नाताळांत आम्ही पुन्हां त्या तरुणाच्या घरीं जाणार आहों. धान्य व कापड नेऊंच. पण त्याच्या कागदावरील प्रश्नाचें उत्तर घेऊन जातां यावें, अशी आमची इच्छा आहे. तें उत्तर या मंडपांतच बसलें आहे.