कायदा जुना, रोग नवे : रोपे आणताना काय पाहावे?

(शेतकरी मेळाव्यात दिलेले भाषण)



मेळाव्यात मला बहुधा फवारणीविषयी विचारले जाते. कायद्याविषयी आजवर कोणी विचारलेले नाही. तरीही आज मी कायद्यावरच बोलणार आहे. कारण काही रोग एकदा बागेत शिरले की त्यांवर औषध नसते. केळीवरील हरण्या, म्हणजे कुकुंबर मोझॅक हा विषाणूजन्य रोग, त्यांपैकीच एक. रोगट झाड उपटून नष्ट करणे, एवढेच हाती राहते.

काही वर्षांपूर्वी एका बागायतदारांची केळी पाहण्यास गेलो होतो. पानांवर पिवळे पट्टे, काही झाडांचे पोंगे सडलेले. कंद कोठून आणले, असे विचारले. ते म्हणाले, "व्याह्यांनी दिले, पैसेसुद्धा घेतले नाहीत." त्या फुकटच्या कंदांची किंमत त्यांना हंगामभर मोजावी लागली. व्याह्यांचा हेतू चांगलाच होता. त्यांच्या बागेत लक्षणे ठळक दिसत नव्हती, इतकेच.

आता कायद्याकडे वळू. पिकांचा नाश करणाऱ्या किडी व रोगांचा प्रसार रोखणारा आपल्या देशाचा मूळ कायदा १९१४ सालचा आहे आणि तो अद्याप लागू आहे. परदेशातून काय येऊ द्यावे आणि एका राज्यातून दुसऱ्या राज्यात काय जाऊ द्यावे, या दोन्ही बाबतींत त्याने सरकारला बंदी घालण्याचा अधिकार दिला.

आयातीची बाजू वेळोवेळी सुधारली गेली. १९८९ च्या आदेशाची जागा २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाने घेतली. तो १ जानेवारी २००४ पासून अमलात आला. संगरोध म्हणजेच क्वारंटाईन. या आदेशाने आयातीपूर्वी कोणत्या मालाबरोबर कोणती कीड येऊ शकेल, याचा अभ्यास आवश्यक ठरविला. लागवडीच्या मालासाठी आयात परवाना आणि निर्यात करणाऱ्या देशाचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. परदेशी नोकरीस असलेला मुलगा सुटीत येताना कौतुकाने एखादे कलम पिशवीत घालून आणतो. त्यालाही हा नियम लागू आहे, हे घरी सांगून ठेवावे.

देशांतर्गत बाजू मात्र अधिसूचनांवर चालते. केळीवरील मोझॅकसाठी ज्या राज्यांची नावे त्यात आली, ती महाराष्ट्र आणि गुजरात! म्हणजे येथे आपल्यापासून इतरांना धोका, असे कायदा मानतो. फळे बाहेर पाठविण्यास मनाई नाही. मनाई आहे ती कंद व इतर लागवडीच्या मालाला. हे नियम झाले तेव्हा केळीची लागवड कंदांवरच चाले. पुढे उतिसंवर्धित रोपे आली. मातृवृक्षातच विषाणू असेल, तर प्रयोगशाळेतून तोच हजारो रोपांत जातो. म्हणून २००६ मध्ये केंद्र सरकारने उतिसंवर्धित रोपांसाठी राष्ट्रीय प्रमाणीकरण पद्धती सुरू केली. तीत प्रयोगशाळेला मान्यता आणि रोपांच्या खेपेची विषाणू तपासणी, अशा दोन्ही गोष्टी आहेत. रोपे घेताना या खेपेच्या प्रमाणपत्राची प्रत मागावी. विक्रेत्याने "सगळेच घेतात, तुम्हीच कसे विचारता?" असे म्हटले, तर दुसरा विक्रेता पाहावा.

बटाट्याचे उदाहरण अधिक अलीकडचे आहे. पुटी करणारा सूत्रकृमी निलगिरीत १९६१ मध्ये सापडला आणि तेथील बटाट्यावर बंधन आले. पुढे तो हिमाचल प्रदेश, जम्मू-काश्मीर व उत्तराखंडातही आढळल्याने २०१८ मध्ये तेथील बियाणे-बटाटा बाहेर पाठविण्यावर बंदी आली. ज्या डोंगराळ भागाकडे देश निरोगी बियाण्यासाठी पाहत असे, तोच भाग असा बंधनात आला. या सूत्रकृमीच्या पुटीतील अंडी जमिनीत अनेक वर्षे जिवंत राहतात. तेव्हा मंचर, खेडकडील मंडळींनी बियाण्याच्या गोणीवरील खूणचिठ्ठी व मूळ ठिकाण पाहिल्याशिवाय गोणी शेतात उतरवू नये. खूणचिठ्ठी जपूनही ठेवावी.

कायद्याला मर्यादाही आहेत. मक्यावरील अमेरिकन लष्करी अळी मे २०१८ मध्ये कर्नाटकात आढळली आणि त्याच वर्षी आपल्याकडे पोचली. तिचा पतंग दूरवर उडतो. त्याला तपासणी नाक्यावर कोण अडविणार? अशा वेळी पहिली खबर किती लवकर मिळते, यावर बरेच अवलंबून असते. नवी यंत्रणा उभारून १९१४ चा कायदा बदलावा, म्हणून २०१३ मध्ये कृषी जैवसुरक्षा विधेयक लोकसभेत मांडले गेले. ते मंजूर होण्यापूर्वीच २०१४ मध्ये लोकसभेची मुदत संपली व विधेयक बारगळले. गोधडी जुनी, त्यावर ठिगळे नवी, अशी आजची स्थिती आहे. माझ्या मते हे फार दिवस चालू नये.

तोवर आपल्या हाती जे आहे ते करू. केळी लावल्यावर दर आठवड्याला बागेत ओळीने फिरावे. पिवळ्या पट्ट्यांचे झाड दिसताच मुळासकट काढून बागेबाहेर जाळावे किंवा खोल पुरावे. पाटात टाकू नये. मावा हा या रोगाचा वाहक असल्याने त्याचे नियंत्रण करावे. काकडीवर्गीय पिके, मिरची व टोमॅटो आंतरपीक म्हणून घेऊ नयेत. पूर्वी न पाहिलेली कीड वा रोग दिसल्यास नमुना पिशवीत घालून गावभर दाखवीत फिरू नये. झाडावर खूण बांधावी आणि कृषी विज्ञान केंद्राच्या किंवा कृषी विभागाच्या माणसास शेतावर बोलवावे.