अंगणांतलीं फुलझाडें आणि माळ्याची कात्री

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली कीं शहरांतील बंगल्यांच्या व सोसायट्यांच्या आवारांत एक ठराविक देखावा दिसूं लागतो. माळ्याला बोलावणें जातें, "जरा साफसूफ करून टाक" एवढीच आज्ञा होते, आणि सायंकाळपर्यंत जास्वंद, तगर, कुंद, मेंदी हीं सर्व झाडें एकाच उंचीवर सपाट होऊन उभीं राहतात. आवार नेटकें दिसतें यांत शंका नाहीं. परंतु त्या वर्षीं कुंदाला फुलें येत नाहींत, आणि घरच्या मंडळींना वाटतें कीं खत कमी पडलें असावें. खताचा येथें कांहीं संबंध नसतो. कुंद थंडींत फुलतो. ज्या फांद्यांना त्याच्या कळ्या यावयाच्या, त्याच फांद्या दिवाळीपूर्वीं कापून केरांत गेलेल्या असतात.

म्हणून आज मला मुख्यतः एकच गोष्ट सांगावयाची आहे. कोणत्या झाडाचें फूल कोणत्या फांदीवर आणि कोणत्या ऋतूंत येतें हें ठाऊक असल्याखेरीज त्याला कात्री लावूं नये. आतां कात्रीची गरज कितपत पडेल, हें पुष्कळसें झाड कोठें लावलें यावर अवलंबून असतें. तेव्हां प्रथम जागेविषयीं.

रोपवाटिकेंत सर्वच रोपें हातभर उंचीचीं आणि सारखींच गोजिरवाणीं दिसतात. तेथें उभें राहून निवड करणें म्हणजे पाळण्यांतल्या मुलाच्या मापानें घराचें दार बांधण्यासारखें आहे. जास्वंदीचें झाड सहा-आठ फूट उंच सहज होतें व तितकेंच पसरतें. कण्हेर दहा फुटांच्याही वर जाते. अशीं झाडें खिडकीखालीं दोन फुटांच्या पट्टींत लावलीं, तर तिसऱ्या वर्षापासून खोलींतला उजेड आणि झाडाचा जीव यांचें कायमचें भांडण सुरू होतें. पूर्ण वाढलेल्या झाडाचा जो विस्तार, त्याच्या निम्मे अंतर तरी भिंतीपासून सोडावें. पुणेकरांनीं एम्प्रेस गार्डनमध्यें व मुंबईकरांनीं भायखळ्याच्या राणीच्या बागेंत एक फेरी मारून थोराड झाडें आधीं पाहावीं, मगच रोप विकत घ्यावें. या फेरीला पैसा फारसा लागत नाहीं, आणि पुढील अनेक वर्षांची छाटणी वांचते.

अंतराबरोबर ऊनही पाहिलें पाहिजे. जास्वंद, कण्हेर, बोगनवेल यांना भरपूर ऊन हवें. सावलींत तीं पानें देतात, फुलें देत नाहींत. तगर मात्र अर्ध्या सावलींतही समाधानानें फुलते, आणि घराच्या उत्तरेस तिच्याइतकें भरंवशाचें झुडूप मला तरी दुसरें दिसत नाहीं. अनंताला सकाळचें ऊन मानवतें. दुपारीं तापलेल्या पश्चिमेच्या भिंतीपाशीं तो करपतो. शिवाय त्याला आम्ल माती लागते. कोंकणांतील तांबड्या मातींत तो सुखानें वाढतो. देशावरच्या चुनखडीच्या काळ्या जमिनींत त्याचीं पानें पिंवळीं पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. तेथें हट्टच असेल तर तो कुंडींत, निराळी माती घालून लावावा. पागोळ्यांच्या रेषेखालीं मात्र कोणतेंच झुडूप लावूं नये. पावसाळ्यांत मुळांवरची माती धुपून जाते आणि उरलेले आठ महिने तोच भाग कोरडा ठणठणीत असतो.

पारिजातकाची गोष्ट आपणां सर्वांना माहीत आहे. झाड सत्यभामेच्या अंगणांत आणि फुलें रुक्मिणीच्या ! पुराणकथेचा अर्थ पंडितांनीं सांगावा. बागेच्या दृष्टीनें पाहतां झाड कुंपणाच्या भिंतीला फार लगटून लावलें होतें, एवढाच मला तींतून बोध होतो. ज्याचीं फुलें पहाटे आपोआप गळतात, त्याच्याखालीं आपल्याच बाजूस सारवलेली किंवा फरसबंदी जागा हवी.

वासाचाही विचार व्हावा. रातराणी रात्रीं दुरून जितकी गोड वाटते, तितकीच उशाशीं असह्य होते. आणि विषाचा विचार तर अवश्य व्हावा. कण्हेरीचें पान, फूल, साल, सर्वच विषारी आहे. पिंवळ्या कण्हेरीच्या, म्हणजे बिट्टीच्या, बियांनीं हृदयाची क्रियाच बिघडते. आणि खेळण्यासाठीं मुलें नेमक्या त्याच गोळा करतात. घरांत लहान मूल असेल, तर मी या दोन्ही झाडांऐवजीं तगर किंवा कुंती सुचवीन. कुंतीचें कुंपणही उत्तम होतें आणि फुलांचा सुगंध तर पाऊस पडून गेल्यावर घरभर दरवळतो.

आतां कात्री. फुलझाडांचे ढोबळ मानानें दोन वर्ग पडतात. जास्वंद, मोगरा, गुलाब यांचीं फुलें नव्या फुटीवर येतात. यांना छाटल्यानें फुलें वाढतात, मात्र वेळ साधली पाहिजे. मोगऱ्याचें उदाहरण घ्या. मार्गशीर्षाच्या सुमारास त्याचें पाणी तोडावें, झाडाला विश्रांति मिळूं द्यावी. जानेवारींत छाटून, मुळाशीं चांगलें कुजलेलें शेणखत घालून पाणी सुरू करावें. चैत्र-वैशाखांत तो त्याची परतफेड करतो. पाणी न तोडतां, न छाटतां वर्षभर लाडानें वाढविलेला मोगरा नुसताच हिरवा राहतो. गुलाबाची मुख्य छाटणी पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरांत होते, जास्वंदीची थंडी सरतांना. बोगनवेल उन्हाळ्याचा बहर संपल्यावर, पावसाच्या तोंडाशीं कापावी. ही वेल मूळची दक्षिण अमेरिकेंतली. १७६६ ते १७६९ या काळांत पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या बूगेंव्हील या फ्रेंच दर्यावर्द्याचें नांव तिला मिळालें. जिला आपण फूल म्हणतों तीं वस्तुतः रंगीत पानेंच होत, आणि पाण्याची थोडी ओढ बसल्याखेरीज तीं रंगत नाहींत.

दुसरा वर्ग कुंदासारख्यांचा. पावसाळ्यांत वाढलेल्या फांद्यांवर हिंवाळ्यांत बहर येतो. त्यांना बहर संपतांच, म्हणजे थंडी गेल्यावर छाटावें आणि त्यानंतर पुढचा बहर होईपर्यंत हात लावूं नये. कोरांटीलाही हाच नियम लागू. दिवाळीची सफाई करावयाचीच असेल, तर या झाडांच्या केवळ वाळक्या काड्या काढाव्या.

छाटावें कसें, यासंबंधीं माळ्याशीं थोडा वाद घालावा लागेल. वरून सपाट कापलेलें झुडूप शेंड्याला दाट होतें, आंत उजेड जात नाहीं, आणि खालीं नुसत्या उघड्या काटक्या उरतात. कुंपणाच्या मेंदीला तें चालतें, तीही तळाशीं रुंद व माथ्याशीं अरुंद ठेवल्यासच. फुलझाडाच्या जुन्या, जाड फांद्यांपैकीं एकतृतीयांश दर वर्षीं पार बुडापासून काढाव्या; तीन वर्षांत सबंध झाड नवें होतें आणि एकाही वर्षीं बोडकें दिसत नाहीं. इतर फांद्या बाहेरच्या अंगास वळलेल्या डोळ्याच्या किंचित् वर, धारदार सिकेटरनें तिरप्या कापाव्या. बोथट हत्यारानें साल चेंचते, आणि चेंचलेल्या जागीं रोग शिरतो.

पावसाच्या आरंभीं निघालेल्या जास्वंदीच्या, तगरीच्या व बोगनवेलीच्या काड्या फेंकूं नयेत. पेन्सिलीएवढ्या जाड, सहा-आठ इंचांच्या काड्या घेऊन खालचीं पानें काढावीं, दोन डोळे मातींत जातील अशा सावलींत खोंचाव्या आणि माती ओलसर ठेवावी. महिना-दीड महिन्यांत बहुतेकांना मुळें सुटतात व शेजाऱ्यापाजाऱ्यांना देण्यापुरतीं रोपें तयार होतात. कण्हेरीच्या काड्या मात्र गुरें-शेळ्या तोंड घालतील अशा जागीं टाकूं नयेत, आणि त्या हाताळल्यावर हात स्वच्छ धुवावे.