बालाघाटचा पाऊस आणि संशोधकाचे वेतन



बालाघाटच्या डोंगररांगेतील ज्या बीड जिल्ह्यात आष्टीला कोसळलेला पाऊस शेजारच्या पाटोद्याला थेंबभरही पोहोचत नाही, आणि मृग कोरडा गेला की मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीचा कोयता हाती धरण्यावाचून कित्येक कुटुंबांना गत्यंतर उरत नाही, तेथे वाढलेल्या माझ्यासारख्या माणसाने आयुष्यभर पर्जन्याच्या गणितात गुंतून राहावे, हे स्वाभाविकच होते.

हे गणित म्हणजे पृथ्वीवर चौकटींचे जाळे कल्पून प्रत्येक चौकटीतील वारा, बाष्प व उष्णता यांची समीकरणे क्षणाक्षणाला सोडविणे होय. चौकटीची बाजू निम्मी केली की चौकटी चौपट होतात, कालाचे पाऊलही निम्मे करावे लागते आणि श्रम आठपट वाढतात. एवढ्या श्रमांना महासंगणकच लागतो; पण अधिक सामर्थ्याचा क्रे महासंगणक अमेरिकेने आपणांस नाकारला. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही प्रगत संगणनाची संस्था स्थापन झाली, आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा राहिला, त्या वेळचा आनंद आजही माझ्या मनात ताजा आहे. आज पुण्याच्याच उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत ११.७७ पेटाफ्लॉप शक्तीचा ‘अर्क’ महासंगणक चालतो आणि २०२५ पासून सहा किलोमीटरच्या चौकटीपर्यंत अंदाज उतरला आहे.

यंत्रांना मंजुरी मिळते, माणसांना मात्र तिष्ठत राहावे लागते. माझ्या शोधविद्यार्थिदशेत विद्यावेतनाचा कागद एका दफ्तरातून दुसऱ्या दफ्तरात फिरत राही, खजिन्याचा हुकूम महिनोन्‌महिने निघत नसे, आणि चौकशी केलीच तर सरकारची मेहेरनजर समजा असे ऐकावे लागे. माझ्याहून कितीतरी कुशाग्र असा केजकडचा एक सहाध्यायी घरची ओढाताण असह्य झाल्यावर कारकुनी पत्करून निघून गेला; त्याने फोरट्रानमध्ये लिहिलेली आज्ञावली आम्ही पुढे वर्षानुवर्षे वापरली, परंतु त्याचे नाव एकाही शोधनिबंधावर आले नाही. त्या गोष्टीचा संताप आजही शमलेला नाही.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे एवढेच, की विद्यावेतनावाचून संशोधनात पाऊल टाकू नका. ते केलेल्या कामाचे वेतन आहे आणि त्यावर तुमचा हक्क आहे. नेट उत्तीर्ण होऊन कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळविणाऱ्यास २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये मिळतात. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्याही आहेत. मुलींना तर हे मी पुन्हा पुन्हा सांगेन, कारण घरी लग्नाची घाई चाललेली असता दरमहा हाती येणारी रक्कमच तुमच्या अभ्यासाची बाजू सर्वांत समर्थपणे मांडते.

गणित व भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी मार्गदर्शकास प्रवेशापूर्वीच निःसंकोच विचारावे: रक्कम किती, किती वर्षे, कोणत्या खात्याकडून, आणि महासंगणकावर मला वेळ किती मिळेल? उत्तर लेखी घ्यावे. ते टाळले गेले, तर खुशाल दुसऱ्या संस्थेकडे अर्ज करावा. समांतर गणन जाणणाऱ्या शोधविद्यार्थ्यांची पुण्यापासून बंगळुरूपर्यंत सर्वत्र वाण आहे.