गुरुजनांचा खरा सत्कार



ज्ञातीतील गुणवंत शिक्षकांना शाल व श्रीफळ अर्पण करण्याचा मान आपण आम्हांस दिलात, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. भोकरच्या या मेळाव्यात एक विचार नम्रपणे मांडतो.

राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार १९५८ साली सुरू झाला. त्यात आज रौप्यपदक व ५०,००० रुपये मिळतात. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे श्री. रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार लाभला. पुढे अमेरिकी शासनाच्या निधीवर चालणारी फुलब्राइट शिष्यवृत्तीही त्यांना जाहीर झाली. पुरस्काराने कीर्ती मिळते. शिष्यवृत्तीने शिक्षक पुन्हा विद्यार्थी होतो.

आम्ही स्वतः मॅट्रिक. १९९४ साली नांदेडास विद्यापीठ झाले, तेव्हा पदवीची इच्छा उचंबळून आली. परंतु मुलांची फी भरता भरता आमच्या फीस पैसा उरला नाही. सत्काराच्या शाली मात्र पेटीत आहेत. ज्याचे शिकणे थांबले, त्याच्या शिकविण्यातील ओलावा हळूहळू आटतो, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

म्हणून गुणवंत शिक्षकाच्या पुढील शिक्षणाची फी शासनाने भरावी. तोवर मंडळाने दरसाल निदान एकाची भरावी. आरंभ म्हणून आमचे एका महिन्याचे निवृत्तिवेतन आम्ही मंडळाच्या स्वाधीन करीत आहोत.