उंबऱ्यावरचें मांजर



आमचें तेरखेडा हें गांव धाराशिव जिल्ह्यांतील वाशी तालुक्यांत, सोलापूरहून धुळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. फटाक्यांच्या कारखान्यांमुळें त्याचें नांव दूरवर पोंचलें आहे. अशा गांवांत एक मांजरी आणून नांदविण्याचा उद्योग मीं म्हातारपणीं केला, त्याची ही हकीकत आहे.

मांजर आणि मनुष्य यांचा संबंध फार पुरातन आहे. धान्याची कणगी आली तेथें उंदीर आला, आणि उंदरामागून मांजर आलें. सायप्रस बेटांत सुमारें साडेनऊ हजार वर्षांपूर्वीं माणसाशेजारीं पुरलेलें मांजर संशोधकांना सांपडलें आहे. मांजर मारल्यास काशीस सोन्याचें मांजर दान करावें लागतें, असा आपल्याकडे समज आहे. त्या भयानें आपण मांजर मारीत नाहीं. परंतु पिलें फार झालीं म्हणजे पोत्यांत घालून गांवाबाहेर सोडतों आणि पातक टळलें असें मानतों.

मीहि त्यांतलाच. नोकरीच्या उमेदीच्या काळांत माझी बदली झाली. सामान गाडीवर चढलें, मंडळी बसलीं, आणि मांजरी उंबऱ्यावर राहिली. गाडी वळणाआड जाईपर्यंत ती तेथेंच बसून होती. "मांजर घराचें असतें, माणसाचें नसतें," असें म्हणून मीं मनाचें समाधान करून घेतलें. तें समाधान फार दिवस टिकलें नाहीं.

पुढें सेवानिवृत्तीनंतर नातीला घेऊन पुण्यास गेलों असतां एक प्राण्यांचें आश्रयगृह पाहण्याचा योग आला. नातीचें लक्ष पिलांकडे होतें. माझी दृष्टि मात्र कोपऱ्यांतील पांच वर्षांच्या एका करड्या मांजरीकडे गेली. तिच्या कानाचें टोंक किंचित् कापलेलें होतें; पिलें होऊं नयेत म्हणून शस्त्रक्रिया केल्याची ती खूण. "हिचीं माणसें दुसऱ्या शहरीं राहावयास गेलीं," असें तेथील सेवकानें सांगितलें. ऐकून मी खालीं पाहूं लागलों. नातीची समजूत घातली आणि त्याच मांजरीला घेऊन परतलों. टेंभुर्णीपर्यंत ती सारखी ओरडत होती. बार्शी मागें पडली तेव्हां ओरडून थकली.

घरीं आल्यावर ती पलंगाखालीं शिरली ती आठ दिवस दिसलीच नाहीं. रात्रीं ताटली रिकामी होई, एवढाच काय तो पुरावा. मंडळी रागावून म्हणाल्या, "अहो, ही कसली पाहुणी? तोंडसुद्धां दाखवीत नाहीं. परत पोंचवून या तिला." मीं आणखी आठ दिवसांची मुदत मागून घेतली. रोज सायंकाळीं त्या खोलींत भुईवर बसून मी वर्तमानपत्र वाचीत असें. तिच्याकडे पाहत नसें, हांकहि मारीत नसें. अकराव्या दिवशीं ती बाहेर आली आणि माझ्या गुडघ्याला डोकें घांसून पुन्हा आंत गेली.

आणि त्यानंतर दोनच दिवसांनीं जवळपास कोठेंतरी फटाके वाजले. त्या आवाजाला नांवें ठेवण्याचा मला अधिकार नाहीं. त्यावर आमच्या गांवांतील कितीतरी चुली पेटतात. परंतु माणसाच्या कानाला सेकंदास वीस हजार कंपनांपलीकडचा नाद ऐकूं येत नाहीं. मांजराचा कान साठ हजारांच्याहि पलीकडे जातो. त्या कानाला तो कडकडाट कसा वाटला असेल, याची कल्पना करा. मनी नाहींशी झाली. मीं माळा पाहिला, परसूं पाहिलें, कंदील घेऊन रस्ता पाहिला. हताश होऊन परतलों तों माजघराचें दार आंतून लोटलेलें. आंत अंथरुणांच्या घडीमागें मनी दडली होती आणि तिच्याजवळ आमच्या मंडळी बसल्या होत्या. "दार लावा," त्या हलकेच म्हणाल्या, "आवाज येतो." परत पोंचविण्याची भाषा त्या दिवसापासून बंद झाली.

ज्यांना असें मांजर घरीं आणावयाचें असेल त्यांना अनुभवाच्या चार गोष्टी सांगतों. प्रथम एकच खोली द्यावी; तेथें अन्न, पाणी आणि वाळूचें घमेलें ठेवावें; घमेलें अन्नापासून दूर असावें. लपलेल्या मांजरास ओढून काढूं नये. मोठ्या मांजरांपैकीं पुष्कळांना गाईम्हशीचें दूध पचत नाहीं, म्हणून वाटीभर दूध म्हणजे माया असें समजूं नये. आपल्या तापावरची पॅरासिटामॉलची एक गोळीहि मांजराचा प्राण घेऊं शकते. रेबीजची लस टोंचून घ्यावी, आणि दिवाळीत दारें-खिडक्या लावून त्याला आंतल्या खोलींत ठेवावें.

मुक्या जनावरांची दाद घेणारी संस्था मुंबईत १८७४ सालींच स्थापन झाली, आणि परळचें पेटिट पशुरुग्णालय १८८३ पासूनचें आहे. पाळलेलें जनावर उपासमार होईल अशा रीतीनें विनाकारण टाकून देणें हा १९६० च्या कायद्यानें गुन्हा आहे. तो कायदा मला ठाऊक नव्हता असें मी म्हणूं शकेन. परंतु उंबऱ्यावरची ती मांजरी मला दिसली नव्हती, असें म्हणतां येणार नाहीं. म्हणून एवढीच विनंती आहे: मांजर घरीं आणण्यापूर्वीं पुढच्या पंधरा वर्षांचा विचार करा, आणि बिऱ्हाड हलवाल तेव्हां गाडींत एक टोपली अधिक ठेवा.